मेब्रीचं दुपटं

"अगं बाई! मिस ओझेला, तुम्हाला कुणी सांगितलं?"

लॉरेल थॉर्नहिल दुकानात शिरली ती थेट भिंतीवरच्या खुंट्यांपाशी गेली. तयार झालेली कामं ओझेला तिथे टांगून ठेवायची. त्यातलं एक पांढरं दुपटं लॉरेलने ओढून काढलं, पसरून पाहिलं आणि छातीशी धरून चक्क रडायला लागली. दुपट्याच्या कोपऱ्यात पिस्ता रंगाच्या रेशमाने, हातटाक्याने एक नाव भरलेलं होतं. मेब्री.

ओझेला मशीनपाशी बसली होती आणि तिच्या तोंडात टाचण्या होत्या.

"आम्ही कुण्णाला म्हणून नाव सांगितलं नव्हतं! घरात नुसतं 'छकुली, छकुली' चाललंय. मिस विनींचा हट्ट, शनिवारच्या बाळ बघायच्या चहालाच जाहीर करायचं म्हणून. आणि स्वतःच तुमच्यापाशी फोडलं ना? दोघींनी मिळून मला रडवायचं ठरवलं होतंत!"

ओझेलाने एकेक करून टाचण्या काढल्या. "लॉरेल, बाळा, ते जे आहे ना, ते..."

"काही बोलू नका. बोललात तर मी पुन्हा रडेन." लॉरेलने वाकून तिच्या गालाचा मुका घेतला आणि काखेतलं पांढरं खोकं काउंटरवर ठेवलं. "हे बाप्तिस्म्याचं झबलं. खालच्या काठावर बाकीच्यांच्या ओळीत हिचं नाव घालायचंय. शनिवारपर्यंत होईल ना? मी पळते. बाळ तिकडे रडत असणार, इकडे मला दूध उतरायला लागलंय."

दाराची घंटी वाजली, गाडी सुरू झाली, आणि दुपटं गेलं.

नंतर दोन दिवस ओझेला स्वतःला बजावत राहिली, की माझ्या तोंडात टाचण्या होत्या. पण तोंडातल्या टाचण्या काढायला असा किती वेळ लागतो?

ते दुपटं तिच्या नातीचं होतं. येत्या रविवारी बेथेल चर्चमध्ये नातीचा बाप्तिस्मा होता, आणि नातीचं नाव मेब्री होतं.

या गावात चांगल्या घरी मुलगी जन्मली की आईच्या माहेरचं आडनाव तिला पहिलं नाव म्हणून द्यायची चाल. कॉलिन्स, पामर, सटन, ब्लेकली, एलिस. खाजगी शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलींची नावं पुकारली, की वकिलांच्या कचेरीबाहेरची पाटी वाचल्यासारखं वाटे. माहेर बुडत नाही, असं बायका म्हणत. पूर्वी ही फक्त पेकनच्या, म्हणजे तिकडच्या अक्रोडाच्या, बागा असलेल्या घरांची मिरास होती. मग टीव्हीवरच्या बायकांनी ती उचलली आणि सगळ्या देशात फॅशन झाली. आता तर ज्यांच्या सात पिढ्यांत कुणी कॉलिन्स नव्हता त्याही कॉलिन्स ठेवू लागल्या. जुन्या बायका नाक मुरडत. लॉरेल होती अटलांटाची आणि तिचं माहेरचं आडनाव हॉगबिन. ते कुणा मुलीच्या गळ्यात बांधायची छाती कुणालाच झाली नाही. म्हणून मग आजेसासूचं माहेर शोधून काढलं. आजेसासू म्हणजे मिस विनी (या गावात लग्न झालेल्या बाईलाही 'मिस'च म्हणत). विनिफ्रेड मेब्री थॉर्नहिल.

या सगळ्या मुलींची दुपटी, लाळेरी, उशांचे अभ्रे आणि पुढे लग्नातले टॉवेल, सगळ्यांवर नावं भरली ती ओझेलाने. राहत्या घराच्या पुढच्या खोलीत दुकान, खिडकीवर पाटी, पाटीवर एकच शब्द: 'ओझेला'. तेवढा पुरत असे. रेल्वेच्या रुळांपलीकडच्या गोऱ्या बायका 'ओझेलाकडे टाकलंय', 'ओझेलाकडून आणलंय' एवढंच बोलत. तिला पुढे काही आडनाव असेल असं कुणाच्या मनात आलं नाही, आणि तिलाही कुणाला सांगायला जायचं कारण पडलं नाही.

रुळांच्या अलीकडे, काळ्यांच्या वस्तीत, नावांची तऱ्हा निराळी. तिथे आया मुलींची नावं नवी घडवत, कुणाचं दुसऱ्याशी जुळू नये म्हणून. ओझेलाच्या मुलीचं नाव डेनेट्रा. डेनेट्राचा बाप आपलं आडनाव घेऊन डेट्रॉइटला गेला तो गेलाच, तेव्हा ओझेलाने मुलीला स्वतःचं दिलं. आता डेनेट्राचं लग्न टेरेन्स बोटराइटशी झालेलं. बाळंतपणाच्या खोलीत बाळ हातात आल्या आल्या ती म्हणाली होती, "मम्मा, तू सगळ्या गावाच्या मुलींची माहेरं दुपट्यांवर भरलीस. माझं माहेर नाही का?"

 घरी येऊन तिने मशीनवर कापड झाकलं, ठेवणीतली रेशमाची लडी काढली आणि भरतकामाची रिंग मांडीवर घेतली. गेल्या कित्येक वर्षांत तिने हाताने नाव भरलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी मिस विनी आल्या.

एरवी त्या गाडीतून उतरत नसत. हॉर्न वाजवत, ओझेला बाहेर जाई, काचेतून बोलणं होई. आज त्या काठी टेकत आत आल्या आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसल्या. तोंडाच्या कोपऱ्यातून 'फू' करून त्यांनी डोळ्यापुढचं चिलट उडवलं.

"दुपटं सुरेख झालंय, ओझेला."

"थँक यू, मॅम."

"मी उलटं करून पाहिलं. हाताचं काम आहे."

"हो, मॅम."

"माझ्या घरच्या कुणाला तू हाताचं दिलं नाहीस कधी. माझ्या मुलीच्या लग्नातसुद्धा मशीनचंच."

"तुम्ही मागितलं नाहीत, मॅम."

मिस विनींनी काठीची मूठ दोन्ही हातांत धरली. "लॉरेल समजते, मी तुला नाव सांगितलं. मी तर सांगितलं नाही. मग तुला कळलं कुठून?"

"मला कळलं नव्हतं." ओझेलाने हातातली कात्री खाली ठेवली. "ते माझ्या नातीचं आहे. डेनेट्राच्या मुलीचं. परवा बाप्तिस्मा आहे."

"नातीचं. म्हणजे तिचं नाव..."

"मेब्री, मॅम."

मिस विनी खुर्चीत सरळ बसल्या. 

"हे काय सुचलं डेनेट्राला?"

"तिचं माहेरचं आडनाव आहे."

"हो," मिस विनी म्हणाल्या. "असेल."

त्यांना माहीत नव्हतं असं नव्हतं. काउंटरवरच्या खोक्यातलं झबलं ओझेलाच्या आजीने शिवलेलं होतं, मिस विनींच्या वडिलांसाठी. हे दोन्ही घरांना माहीत होतं आणि दोन्ही घरांत ते बोललं जात नसे. गुलामीच्या दिवसांत मेब्री हे नाव रुळांच्या अलीकडे कसं आलं, हेही तसंच. कपाटात खाली ठेवलेल्या जड भांड्यासारखं. आहे हे सगळ्यांना ठाऊक, काढत कुणी नाही.

"तुला ठाऊक आहे, माझा भाऊ कोरियाच्या लढाईतून परत आला नाही." मिस विनींचा आवाज खाली आला, आणि तो खोटा नव्हता. "डॅडींनंतर मीच. मी शेवटची मेब्री आहे, ओझेला. मी गेले की संपलं."

"हो, मॅम," ओझेलाच्या तोंडून सवयीने निघून गेलं. आणि मग तिच्या डोळ्यांपुढे बेथेल चर्चचा डावीकडचा दुसरा बाक आला. चुलत भाऊ लिरॉय मेब्री, त्याची बायको, त्यांचे धिप्पाड मुलगे, कझिन अर्नेस्टीन, अर्नेस्टीनच्या जुळ्या सुना. जागा पुरत नाही म्हणून दर रविवारी कुणीतरी मेब्री मागे जाऊन बसायचा.

"पोर इतकी हरखलीय, तिचं मन मोडवत नाही. ते दुपटं राहू दे तिच्याकडे. तू नातीला दुसरं कर. आणि..." मिस विनी जरा पुढे झुकल्या. "नाव मागेपुढे करायला काय लागतं गं? पुढे काहीतरी गोडसं ठेवा, तुम्हा लोकांत किती छान छान नावं असतात. मेब्री मधे घाला. अजून पाणी पडलं नाही ना डोक्यावर? एका गावात, एका वयाच्या दोन मेब्री. लोक काय समजतील?"

"काय समजतील, मॅम?"

ओझेलाने अगदी साध्या आवाजात विचारलं होतं. मिस विनींनी तिच्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे पाहिलं.

"तू समजूतदार आहेस," त्या उठता उठता म्हणाल्या. "तुझी आजीही अशीच होती. उद्या झबलं घेऊन ये. बाजूच्या दाराने ये हं, पुढे पाहुण्यांच्या गाड्या असतील."

त्या गेल्यावर ओझेला खुंट्यांकडे बघत बसली. पामरबाईंचे अभ्रे. बँकेतल्या साहेबांच्या सुनेची लाळेरी. बाप्टिस्ट चर्चच्या मंडळाचे रुमाल. या सगळ्या शनिवारच्या चहाला असणार होत्या. मिस विनींनी नुसती भुवई उचलली तरी सगळ्या जणी उद्यापासून मोठ्या शहरातल्या दुकानात जातील, आणि वर 'ओझेलाची नजर अधू झाली बिचारीची' असंही सांगतील.

संध्याकाळी डेनेट्रा दाताच्या दवाखान्यातल्या नोकरीवरून सुटून, वाटेत बाळाला घेऊन परस्पर आली. पायातले बूट दारातच भिरकावले, बाळ आईच्या मांडीत दिलं आणि फ्रीज उघडून बर्फाच्या गोड चहाचा जग तोंडाला लावला.

"पेल्यात घे. माणसात वाढवलंय तुला."

"पेला धुवायला मीच ना? दुपटं दे मम्मा, टेरेन्सच्या आईला दाखवायचंय. तिने झालरीचं आणलंय. तिला जळू दे जरा."

ओझेलाने बाळाची टोपी सरळ केली. ती सरळच होती.

"मी काय म्हणते," ती म्हणाली. "नाव मधे घातलं तर? पुढे काहीतरी गोडसं."

डेनेट्राने जग खाली ठेवला. "काय झालं?"

मग ओझेलाला सगळं सांगावं लागलं. टाचण्यांचंही. डेनेट्रा मधे एक शब्द बोलली नाही, आणि ते फार वाईट लक्षण होतं. ती बडबडत असली की बरी असे.

"म्हणजे माझ्या मुलीचं दुपटं," ती शेवटी म्हणाली, "त्या बाईच्या पतवंडाच्या अंगाखाली आहे."

"लॉरेलचा दोष नाही. ती भाबडी आहे."

"लॉरेलचं मी म्हणत नाही. तुझं म्हणतेय. तू काय म्हणालीस त्यांना? सांग ना. हो मॅम?"

"या खुंट्यांवर तुझं शिक्षण झालंय, डेनेट्रा."

"ठाऊक आहे! दर वेळी तेच ऐकते. मग एक सांग मला. तुझं आडनाव काय?"

"आवाज खाली. बाळ दचकतंय."

"नाही, सांग. काय आडनाव तुझं? उसनं आणलंय का आपण? मागतील तेव्हा धुऊन इस्त्री करून परत द्यायचं?"

बाळ खरंच दचकून रडायला लागलं. डेनेट्राने ते उचललं, खांद्यावर टाकलं, एक बूट घातला, दुसरा हातातच घेतला.

"दुपट्याशिवाय नेईन मी हिला. टॉवेलात गुंडाळून नेईन. पण रेव्हरंडनी विचारलं की मी मेब्रीच सांगणार. तुला ऐकवत नसेल तर त्या दिवशी तू तुझ्या गिऱ्हाइकांकडे चहाला जा."

दाराची घंटी बराच वेळ हलत राहिली.

ओझेलाला बाप आठवला. क्लिओफस मेब्री पेकन फोडायच्या गिरणीत कामाला होता. तिथे सगळे त्याला 'क्लिओ' म्हणत, रागावले की 'पोऱ्या', आणि तो पन्नाशीचा होता. दिवसभर तो दोन्ही हाकांना ओ देई. पण रात्री जेवणाआधी प्रार्थनेला हात जोडले, की पहिलं वाक्य ठरलेलं असे: "प्रभू, मी क्लिओफस मेब्री बोलतोय." लहानपणी ओझेला खुदखुदायची. देवाला माहीत नाही का, डॅडी? त्यावर बाप म्हणे, त्याच्याकडे खूप गर्दी असते, घोटाळा नको.

तिने खोकं उघडून झबलं बाहेर काढलं. काठावर नावांची ओळ होती, काही आजीच्या हातची, काही आईच्या, शेवटची दोन तिची. त्यांच्यापुढे तिने नीट, सरळ, मशीनवर नाव घातलं. मेब्री. मग कपाटातून एक कोरं पांढरं दुपटं काढलं आणि त्याच्याही कोपऱ्यात तेच नाव मशीनवर घातलं, पिस्ता रंगात. काम चांगलं झालं. वाईट काम करणं तिला जमतच नसे. मन असो नसो, टाका सरळच पडायचा.

शनिवारी दुपारी तिने चर्चचा निळा पोशाख घातला, टोपी घातली, आणि थॉर्नहिलांच्या घरासमोर गाड्यांच्या रांगेत आपली जुनी गाडी लावली. बाजूच्या दाराची वाट हिरव्या कुंपणाच्या कडेने जात होती. ती वाट तिच्या पायांना पाठ होती. पाय तिकडे वळलेसुद्धा. तिने त्यांना थांबवलं. मग ती पुढच्या पायऱ्या चढली आणि घंटा दाबली.

दार उघडलं ते कुणा तरुण पाहुणीने, हातात चीजच्या काड्यांची बशी. "या ना! कोण आलंय म्हणून सांगू?"

"ओझेला मेब्री," ओझेला म्हणाली.

"ओह, तुम्ही नात्यातल्या?" पाहुणीच्या तोंडून निघून गेलं आणि मग तिचा चेहरा कानापर्यंत लाल झाला.

आत बायकाच बायका. टेबलावर चिकन सॅलडची सँडविचं, लिंबाचा केक, चांदीच्या भांड्यात गुलाबी सरबत. बाळ बघायचा चहा म्हणजे बाळ मधोमध आणि बाकी सगळ्या भोवती. लॉरेल सोफ्यावर होती, मांडीवर बाळ, बाळाखाली पिस्ता रंगाचं नाव.

"मिस ओझेला!" लॉरेल आनंदाने ओरडली. "बायांनो, ह्याच त्या! हे दुपटं ह्यांनीच केलं, हाताने!"

कौतुकाचा गलका झाला. कोपऱ्यातल्या उंच पाठीच्या खुर्चीत मिस विनी होत्या. त्यांनी पुढच्या दाराकडे पाहिलं, मग ओझेलाकडे, आणि बशी खाली ठेवली.

"ओझेला, स्वयंपाकघरात चल. तिथे बोलू."

"इथेच बोलते, मॅम. गुडघे दुखतात. जाऊन येऊन दोनदा चालायला नको." ओझेला सोफ्याकडे वळली. "लॉरेल, बाळा, परवा माझ्या तोंडात टाचण्या होत्या. म्हणून तुला सांगायचं राहिलं. हे दुपटं तुझं नाही."

लॉरेल हसतच राहिली. हसू कुठे ठेवावं तिला कळेना. "माझं नाही?"

"माझ्या नातीचं आहे. उद्या तिचा बाप्तिस्मा. तिचं नाव मेब्री."

"तिचंही?" बँकेतल्या साहेबांची सून म्हणाली. "बाई, काय योगायोग! हल्ली फार चाललंय नाही हे नाव?"

"योगायोग नाही, मॅम. आमचं आडनाव आहे."

कुणाचातरी चमचा बशीवर वाजला. पामरबाईंनी मान कलती केली. त्यांच्या तिन्ही मुलींची दुपटी ओझेलाने केली होती, आणि मुलींच्या मुलींचीही. "तुझं आडनाव मेब्री आहे, ओझेला?" त्या म्हणाल्या. "मला कधी... म्हणजे, मी कधी विचारलंच नाही, नाही का?"

 ओझेलाने पिशवीतून नवं दुपटं काढून सोफ्याच्या हातावर ठेवलं. "हे तुझ्या बाळाचं. नाव तेच आहे. ते मी काही मागायला आले नाही. आणि हे झबलं, काठावर नाव घातलंय."

"ओझेला." मिस विनी उठून उभ्या राहिल्या होत्या, काठी खुर्चीलाच टेकलेली राहिली. "मी तुला काल सांगितलं. एका गावात दोन मेब्री म्हणजे..."

"गावात दोन मेब्री आधीपासूनच आहेत, मिस विनी," ओझेला म्हणाली. "एक तुम्ही, एक मी."

 मिस विनींचा हात काठी शोधत होता, आणि काठी हाताच्या जरा पलीकडे होती. ओझेला दोन पावलं पुढे गेली, तिने काठी उचलून त्यांच्या हातात दिली. मिस विनींनी ती घेतली. दोघींची बोटं एकमेकींना लागली असतील, नसतील.

लॉरेलने आतापर्यंत बाळ उचललं होतं. एका हाताने ती त्याच्याखालून दुपटं काढत होती, खाली मान घालून, घाईघाईने. बाळाला ते आवडलं नाही; ते किंचाळायला लागलं. लॉरेलने दुपट्याची घडी करायचा प्रयत्न केला, जमली नाही, तसंच ते पुढे केलं.

"त्याच्यावर थोडं... तिने दूध काढलंय," ती पुटपुटली. "मी धुऊन दिलं असतं."

"बाळं दूध काढतातच, पोरी."

दुपटं ऊबदार होतं. ओझेलाने ते हातावर घेतलं, सगळ्यांना मान लववली आणि पुढच्याच दाराने बाहेर पडली. पायऱ्या उतरताना गुडघे खरंच दुखले. गाडीत दुपटं शेजारी ठेवून ती निघाली. 

तिथून ती थेट डेनेट्राकडे गेली. डेनेट्राने दार उघडलं, दुपटं पाहिलं, आईचा निळा पोशाख पाहिला, टोपी पाहिली.

"कुठल्या दाराने गेलीस?"

"पुढच्या."

 डेनेट्राने आईच्या डोक्यावरची टोपी काढून घेतली, खुर्चीत बसवलं आणि पेल्यात चहा ओतून आणला.

रविवारी बेथेलमध्ये डावीकडचा दुसरा बाक भरून वाहत होता. रेव्हरंडनी विचारलं, या बाळाचं नाव काय, आणि डेनेट्राने सांगितलं तेव्हा कझिन अर्नेस्टीन इतक्या जोराने 'आमेन' म्हणाली की बाळाने डोळे उघडले. रडलं मात्र नाही. बाकावर परत आल्यावर डेनेट्राने दुपट्याचा कोपरा उचलून पाहिला.

"मम्मा, हा डाग कसला?"

"दुधाचा."

"हिला तर या दुपट्यात अजून पाजलंच नाहीये मी."

"त्या मेब्रीचा आहे," ओझेला हळूच म्हणाली. "पुढे बघ. रेव्हरंड बघतायत."

पुढच्या आठवड्यात बँकेतल्या साहेबांच्या सुनेने लाळेरी नेली आणि नवं काही टाकलं नाही. बाप्टिस्ट मंडळाचे रुमाल नेले. पामरबाई स्वतः आल्या, अभ्रे घेतले, दारापर्यंत गेल्या, परत वळल्या आणि म्हणाल्या, "हवा फार कोंदट आहे नाही, मिस मेब्री?" आणि घाईने निघून गेल्या. त्याही पुन्हा आल्या नाहीत. खुंट्या एकेक करत रिकाम्या झाल्या. रुळांच्या अलीकडच्या बाया येत, कुणाच्या घराण्याच्या मेळाव्याचे शर्ट, कुणाच्या गायकवृंदाचे झगे; पण ते वर्षातून एकदा. ओझेला सवयीने रोज दुकान उघडी, मशीन पुसे, घंटीकडे कान ठेवून बसे.

एका दुपारी डेनेट्राने दुपटं धुवायला आणून टाकलं. ओझेलाने ते साबणात भिजवलं, लिंबू चोळलं, उन्हात धरून पाहिलं. डाग फिका झाला, पण पुरता गेला नाही. 'मेब्री'च्या शेवटच्या अक्षरापाशी जेमतेम बोटाच्या पेराएवढा राहिला. तिने मग तो चोळायचं सोडून दिलं.

तिची वाळत घालायची तार मागच्या अंगणात होती. त्या दिवशी मात्र तिने दुकानाच्या पाटीच्या खिळ्यापासून समोरच्या पेकनच्या झाडापर्यंत एक नवी दोरी बांधली, घट्ट ओढून. दुपटं झटकलं, दोरीवर टाकलं आणि नाव रस्त्याच्या बाजूला येईल असं फिरवलं. चिमटे लावत असताना रस्त्यावर एक गाडी हळू झाली, थोडी थांबल्यासारखी वाटली, आणि पुढे गेली. कोण होतं ते ओझेलाने वळून पाहिलं नाही. दुसरा चिमटा लावून तिने कापडाची सुरकुती हाताने सरळ केली.